एक्कावन्नावा पत्ता

बुधवार, ११ सप्टेंबर

ती. मावशीस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. इकडे मी बरी आहे. गुडघा कसा आहे हे विचारत नाही, कारण तू 'आहे जागेवर' एवढंच लिहिणार. तरी जिने चढताना मध्ये थांबत जा. तिसरा मजला काही पळून जात नाही.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ऑफिसात ओरडता येत नाही, म्हणून पत्र. शिवाय तूच म्हणतेस की फोनवर माणूस नुसती उत्तरं देतो, पत्रात विचार करतो. विचार तर या आठवड्यात भरपूर झाला. त्यातला कागदावर किती उतरतो ते बघू.

आधी चांगली बातमी. सोमवारी ऑफिसात सगळ्यांसमोर माझं भाषण झालं. चार महिने चाललेल्या कामाचा निकाल सांगायचा होता. शेवटी आमच्या मुख्य बाईंनी विचारलं, "हे इतकं सोपं करून सांगायला कुठे शिकलीस?" मी म्हणाले, बसस्टँडवरच्या हरवले-सापडले खिडकीत, मावशीकडून. सगळे हसले. मग मी त्यांना तुझ्या पुठ्ठ्यांची गोष्ट सांगितली आणि हसणारे वहीत लिहून घ्यायला लागले. तुझी शपथ, एकाने तर चित्रही काढलं.

तुला ते दिवस आठवतात की नाही कोण जाणे, मला लख्ख आठवतात. आई गेल्यावर मी तुमच्याकडे आले तेव्हा नऊ वर्षांची होते. शाळा सुटली की तुझ्या खिडकीमागे उपड्या खोक्यावर बसून अभ्यास करायचा. दिवसभरात बसमध्ये सापडलेलं सगळं तू संध्याकाळी एका पोत्यात भरायचीस, तोंड शिवायचीस आणि पोतं मांडणीवर ठेवायचीस. कुणी छत्री शोधत आला की एकामागून एक पोती उसवायची. वर पुन्हा शिवायची. मग एक दिवस तू प्रत्येक पोत्याला एक पुठ्ठा बांधलास. त्यावर चौकोन: काळं, तांबडं, चामड्याचं, लाकडी मुठीचं, लहान मुलाचं. पोत्यात तसलं काही असलं की चौकोनात फुली. काळी, लाकडी मुठीची छत्री हवी असेल तर 'काळं' आणि 'लाकडी मूठ' या दोन्ही चौकोनांत फुली बघायची. एका जरी चौकोनात नसली, तर त्या पोत्यात ती छत्री नक्की नाही. दोन्हींत असली, तर कदाचित असेल. कदाचितच, कारण काळी पर्स आणि लाकडी मुठीची तपकिरी काठीसुद्धा एकाच पोत्यात असू शकते.

मी विचारलं होतं, "मग तू उगाचच पोतं उसवलंस असं होईल की!" तू म्हणालीस, "उगाच उसवलं तर माझी कंबर जाईल. असलेलं नाही म्हटलं तर त्याची वस्तू जाईल. कंबर माझी आहे, तिचं मी बघीन." हे वाक्य मी भाषणात जसंच्या तसं सांगितलं.

आणि ते कवळीवाले आजोबा! तुझ्या कानाशी येऊन कुजबुजत होते आणि मागची अख्खी रांग मान लांब करून ऐकत होती. बिचारे तोंडावर रुमाल धरून न विचारताच निघून गेले. दुसऱ्या दिवशी तू सगळे पुठ्ठे तारखेप्रमाणे बाहेर खिळ्यांना टांगलेस. ज्याचं त्याने बघावं आणि खिडकीशी येऊन नुसती तारीख सांगावी. काय हरवलंय ते तुलाही सांगायची गरज नाही.

आमचं काम काय, असं तू मला चारदा विचारलंस आणि चारही वेळा मी 'कम्प्युटरचं' म्हणून सुटले. ऐक, ते हेच आहे. डिजिटल नाण्यांची जगात जेवढी देवघेव होते ती साधारण दर दहा मिनिटांनी एका पोत्यात भरली जाते आणि पोतं कायमचं शिवलं जातं. अशी लाखो पोती झाली आहेत. फोनमधल्या वॉलेटला कळायला हवं असतं की यात माझ्या मालकाचं काही आलंय का. सगळी पोती उसवत बसलं तर फोन तापून बंद पडेल. म्हणून प्रत्येक पोत्याला एक छोटा पुठ्ठा; आम्ही त्याला फिल्टर म्हणतो. पूर्वी वॉलेट आपलीच यादी खिडकीत द्यायचं, म्हणजे कवळीवाल्या आजोबांनी रांगेत ओरडून सांगण्यासारखंच. आता पुठ्ठे बाहेर टांगलेले असतात. वॉलेट ते घरी आणून गुपचूप बघतं आणि लागेल तेवढंच पोतं मागतं.

मी तीन तऱ्हांच्या पुठ्ठ्यांची तुलना केली. पहिली तऱ्हा तुझीच, फुल्यांची. दुसरीत प्रत्येक वस्तूला एक आकडा देतात, आकडे चढत्या क्रमाने लावतात आणि दोन आकड्यांमधलं अंतर तेवढं लिहितात. हा पुठ्ठा सगळ्यांत लहान, पण वाचायचा तर पहिल्यापासून बेरीज करत यावं लागतं. तिसरीत प्रत्येक वस्तूची खूण तीन घरांत वाटून ठेवतात. तीन घरं बघितली की झालं. पुठ्ठा किंचित मोठा, पण उत्तर झटपट. आम्ही तिसरी निवडली. तुझ्या फुल्यांचा पुठ्ठा या दोन्हींपेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने मोठा निघाला. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्याकडे कम्प्युटर नव्हता, एक पेन्सिल होती आणि मागे रांग होती.

तर मावशी, हे पत्र मुळात आभाराचं आहे. मी कॉलेजात जे शिकले त्यातलं अर्धं विसरले. खोक्यावर बसून जे पाहिलं त्यावर आज पोट भरतंय. हे तुला कधी तोंडाने सांगितलं नाही, कारण तोंडाने सांगितलं की तू 'पुरे, भाजी करपेल' म्हणतेस.

बाकी काय? भिंतीवरचं घड्याळ अजून सव्वाचारवरच आहे का? डॉक्टरांनी गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख पुन्हा विचारली असेल. मी पैसे देते म्हटलं की तू भांडतेस, म्हणून म्हणत नाही. आणखी एक लिहायचं होतं, पण पत्र फार लांबलं.

तुझी,
भाची

ता. क. काकांनी जाण्याआधी तुला तो बारा शब्दांचा कागद दिला होता, तो कुठे ठेवलाय? सहज विचारते.


सोमवार, २३ सप्टेंबर

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. तुझं उत्तर मिळालं. नेहमीसारखंच तळहाताएवढ्या चिठोऱ्याच्या पाठीवर, एकच ओळ: 'सहज कोणी ताजा कलमात विचारत नाही. काय झालं ते सरळ लिही.'

सरळ लिहिते. काका खरं बोलले होते. त्यांनी या नाण्यांत तुझ्यासाठी पैसे ठेवले होते आणि ते आजही तिथेच आहेत. 'काही नाही' असं तुला मी सांगितलं, आणि माझं ते 'नाही' खोटं होतं.

एवढं वाचून थोडं पाणी पी, मग पुढचं वाच.

या तुलनेसाठी मला एक रिकामं वॉलेट हवं होतं. रिकाम्या वॉलेटचं काही कुठल्याच पोत्यात नसतं, म्हणजे पुठ्ठ्याने 'असेल' म्हटलं की ती उगाचची आरोळी, हे आधीच ठाऊक. तशा आरोळ्या मोजायच्या आणि कुठला पुठ्ठा किती वेळा उगाच ओरडतो ते तक्त्यात लिहायचं. खोटं वॉलेट बनवता आलं असतं. पण माझ्या कम्प्युटरवर काकांचं पडून होतं. तीन वर्षांपूर्वी मी त्याचा एक आकडा ठेवून घेतला होता. त्याने पेटी उघडत नाही, फक्त काचेतून आत बघता येतं. तुला न विचारता ठेवला आणि तुला न विचारता वापरला. रिकामं आहे याची मला इतकी खात्री होती.

कागदावरचे ते बारा शब्द म्हणजे पेटीची किल्ली. त्यांतून पत्त्यांची, म्हणजे नाणी जमा करायच्या कप्प्यांची, एक माळ निघते. पहिला पत्ता, दुसरा, तिसरा, कधीच न संपणारी. पुठ्ठे फोनवर घरच्या घरी बघायचे असल्याने हवे तितके पत्ते तपासता येतात, म्हणून मी सरळ हजार लावले. तिन्ही तऱ्हांनी प्रत्येकी दीड-दोनशे उगाचच्या आरोळ्या दिल्या, वेगवेगळ्या पोत्यांवर, जशा यायला हव्यात तशाच. पण नऊ पोत्यांवर तिन्ही एकदम 'असेल' म्हणाले.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक जण बसतो. त्याला आम्ही शंकासुर म्हणतो, कारण सूर्य उगवला असं सांगितलं तरी तो खिडकीशी जाऊन बघतो. मी त्याला म्हणाले, "कोडमध्ये काहीतरी घोळ आहे. माझा तक्ता बिघडतोय."

"तीन वेगळ्या कोडांत एकच घोळ?"

"असू शकतो."

"तीन अनोळखी माणसं येऊन एकच खोटं सांगायला लागली, तर ते खोटं नसतं, बाई. पोतं उसव."

मी उसवलं. एक्कावन्नावा पत्ता. दुसरं उसवलं, बावन्नावा. असं करत एकोणसाठाव्यापर्यंत. नऊ पोती, नऊ महिने, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक. मी उठून पाणी प्यायले आणि परत येऊन पुन्हा बघितलं. शंकासुराने विचारलं, "काय गं, घोळ सापडला का?" मी म्हणाले, हो, तीन वर्षांपूर्वीचा.

पण एक्कावन्नपासून का, हे कोडं सुटेना. वॉलेटं पहिले वीस पत्ते सलग रिकामे दिसले की पुढे बघतच नाहीत. धंद्यातला साधा रिवाज आहे, कारण कुठलाही शहाणा माणूस पहिल्या पत्त्यापासून सुरुवात करतो. काका तर शहाण्यांतले शहाणे. पन्नास पत्ते मोकळे सोडून एक्कावन्नाव्यावर का जावेत? तुझी चिठ्ठी आली आणि मी ती पहिल्यांदाच उलटी करून पाहिली. पुढच्या बाजूला काकांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचा शिक्का, 'घड्याळ मिळाले' असं छापलेलं, खाली एक चौकोनी कोड आणि कोपऱ्यात नंबर: ३४. ड्रॉवरमधली तुझी सगळी पत्रं काढली. सगळी त्याच पॅडमधली. सात, बारा, एकोणीस, सव्वीस. कोड तपासले. जो पावतीचा नंबर, त्याच नंबरचा काकांच्या माळेतला पत्ता; म्हणजे पन्नास पावत्यांच्या पॅडवर पहिले पन्नास पत्ते, क्रमाने.

तेव्हा सगळं आठवलं. हे नवीन खूळ त्यांनी शिकून घेतलं आणि दुकानासाठी पावत्यांचं पॅड छापून आणलं. ज्या गिऱ्हाइकाला या नाण्यांत पैसे द्यायचे असतील त्याने द्यावेत, प्रत्येकाला वेगळा पत्ता, उगाच एकाचं दुसऱ्याला दिसायला नको. आणि गिऱ्हाइकं हसून खिशातून नोटा काढायची! एकानेही त्या पत्त्यावर काही पाठवलं नाही. पण ते पन्नास पत्ते दुकानाचे. काका आयुष्यभर काय म्हणायचे? 'दुकानाचं दुकानात, घरचं घरात.' दुकानातल्या स्क्रूड्रायव्हरने त्यांनी घरचा रेडिओसुद्धा कधी उघडला नाही. तुझ्यासाठी ठेवायची वेळ आली तेव्हा त्यांनी दुकानाचे पन्नास सोडले आणि एक्कावन्नपासून घरचं सुरू केलं. मी वीसवर थांबले.

आता ते लिहिते, जे इतका वेळ टाळतेय. वॉलेटचा रिवाज, धंद्याची रीत, असं वर लिहिलं खरं, पण त्याआड लपायचं नाही. काका गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात तू तो कागद माझ्या हातात दिलास. त्यांचा फोन तर हातातून पडून आधीच फुटला होता. खाली माझी टॅक्सी उभी होती. मी जिन्याच्या कठड्याला टेकून शब्द टाकले. शून्य आलं. शून्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'पहिले वीस पत्ते तपासले.' मी ते वाचलं, मावशी. पुढे बघायला हवं हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही कळतं, मलाही कळलं. टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. तू विचारलंस, "नीट बघितलंस ना?" आणि मी म्हणाले, "हो."

तो 'हो' गेले बारा दिवस मला झोपेतून उठवतोय.

कारण त्यानंतर तू काय म्हणालीस तेही मी ऐकलं होतं. 'जन्मभर खरं बोलले आणि जाताना थाप मारून गेले.' तू घड्याळ बंद केलंस. त्यांची अवजारं समोरच्या घड्याळजीला देऊन टाकलीस. ते तुला मिनिटकाटा म्हणायचे आणि स्वतःला तासकाटा, कारण तू घरभर भिरभिरायचीस आणि ते जागचे हलायचे नाहीत. एकदा मी चुकून ते नाव घेतलं तर तू ताटावरून उठून गेलीस. मला ते टिकटिक म्हणायचे, तेही तू सोडून दिलंस. आणि मी इतकी वर्षं मनात म्हणत राहिले की मावशी जरा जास्तच करते.

शेवटच्या पोत्याची तारीख बघ. तू त्यांना दवाखान्यात सूप भरवत होतीस तो मंगळवार. मी खुर्चीत बसले होते. ते फोनमध्ये डोकं घालून बसले होते आणि तू चिडलीस, "ठेवा की तो फोन आता, सूप गार होतंय." ते म्हणाले, "झालंच गं, एक मिनिट." पोतं दुपारी बारा चाळीसला शिवलं गेलंय. त्यानंतर चौथ्या दिवशी ते गेले. ते तुझंच काम करत होते, मावशी.

रक्कम पत्रात लिहीत नाही. घर येणार नाही, पण गुडघा होईल आणि पुढची काही वर्षं तू कुणाकडे बघायची गरज नाही, माझ्याकडेसुद्धा.

पण ती काढायला ते बारा शब्द हवेत. माझ्याकडे नुसती काच आहे. मी तेव्हा शब्द कुठे लिहून ठेवले नाहीत, ते माझे नव्हते. कागद असला तर उत्तम. नसला तर दोष माझ्याच पदरात. तो फाडायला मीच तुला लावलं. पैसे कायमचे गेले तरी काका थाप मारून गेले नाहीत, एवढं तरी आज तुझ्या घरात परत येऊ दे.

अहवालात मी एक ओळ वाढवून घेतली. आमचं वॉलेट यापुढे 'काही नाही' म्हणणार नाही. मोठ्या अक्षरांत म्हणेल, 'पहिल्या वीस पत्त्यांत सापडलं नाही. पुढे बघू?' मुख्य बाईंनी कारण विचारलं. मी म्हणाले, कंबर आपली आहे.

हवं तितकं रागाव. मी तुझ्या खिडकीत वाढले, तुझा एकच नियम शिकले आणि तुझ्यावरच तो मोडला. तरीही आभार मानते. तू त्यांच्या पावत्या फेकून दिल्या नाहीस. रागाच्या भरातही पाठकोरा कागद वाया घालवला नाहीस, म्हणून मला कळलं.

तुझी,
खोटं 'नाही' म्हणालेली भाची


रविवार, २९ सप्टेंबर

टिकटिक,

अनेक आशीर्वाद. पावत्या नंबरप्रमाणे लावून वाच. पस्तीसपासून सुरुवात केली आहे. माझं अक्षर मोठं आणि हे कागद चिमुकले, त्यामुळे किती लागतील माहीत नाही.

रागावले का? रागावले. चहा गार होईपर्यंत रागावले. मग तो गार चहाच प्यायले.

कागद नाही. त्याच संध्याकाळी फाडला, आणि नुसता फाडला नाही, बारीक बारीक केला. जाळणार होते पण काडेपेटी सापडली नाही, म्हणून केराच्या डब्यात टाकला. तेव्हा तो विषय सोड.

आता ऐक. मीही एकदा खोटं 'नाही' म्हटलं आहे. तू यायच्या आधीची गोष्ट. एक बाई लहान मुलाचा एक बूट शोधत आली होती. एकच. रांग मोठी होती आणि माझी जेवणाची वेळ झाली होती. मी पोत्यांकडे मान फिरवली आणि म्हणाले, नाही. तिने विचारलं, "नीट बघितलंत ना?" मी म्हणाले, हो. तिसऱ्या दिवशी बूट सापडला. ती बाई पुन्हा आली नाही. तिचा पत्ता मी घेतला नव्हता. तो बूट नियमाप्रमाणे वर्षभर ठेवायचा असतो, मी निवृत्त होईपर्यंत ठेवला. पुठ्ठे बांधले ते त्या बुटापायी. तू मला फार शहाणी समजतेस. नियम शहाणपणातून येत नाहीत, बाळ. तुझा आला तसेच येतात.

तेव्हा हिशेब फिटला म्हणून डोळे पूस. तुला एक संधी मिळाली, मला मिळाली नव्हती. त्या शंकासुराला माझा आशीर्वाद सांग. असा एक माणूस प्रत्येक खिडकीत हवा.

तो सूपवाला मंगळवार. मी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला होता, हे तू लिहिलं नाहीस. मला वाईट वाटेल म्हणून लिहिलं नाहीस, कळलं मला. काढून घेतला तेव्हा ते हसले होते. तीन वर्षं वाटत होतं, आजारी माणूस उगाच हसला. काम झालं होतं म्हणून हसले. एवढं समजलं, मला पुष्कळ झालं.

आता बारा शब्दांचं. कागदावर भरवसा ठेवणारा माणूस घड्याळजी होत नाही. कागद त्यांनी तुझ्यासाठी केला होता. माझ्याकडून मात्र पाठ करून घेतले. दवाखान्यात जायच्या आधी पंधरा दिवस रोज सकाळी मला घरातून चालवायचे. दारापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत बारा जागा, प्रत्येक जागेला एक शब्द चिकटवलेला. पायपुसण्याशी एक, चपलांच्या कपाटाशी एक, असं करत करत. मी म्हणायचे, "अहो, हा काय पोरखेळ?" ते म्हणायचे, "मिनिटकाटा, पुन्हा दारापासून." चुकले की पुन्हा दारापासून. मला वाटायचं, डोक्यावर परिणाम झालाय.

तू 'नाही' म्हणालीस त्या दिवसापासून ते शब्द विसरायचा मी किती प्रयत्न केला. पण घर तेच आहे ना? दाराशी आले की पहिला आठवायचा. गॅस लावायला गेले की अकरावा. रोज शिव्या घालत घालत त्या बाराही शब्दांवरून चालले, टिकटिक, आणि एकही जागचा हलला नाही.

शब्द इथे लिहीत नाही. पत्रात नाही, फोनवर नाही, परक्यासमोर नाही, असं त्यांनी बजावलं होतं. तू ये, दाराशी उभी राहा, मी तुला घरातून चालवते. या वेळी टॅक्सी खाली थांबवून ठेवू नकोस.

गुडघ्याची तारीख घेतली आहे, पुढच्या महिन्यातली. आज सकाळी घड्याळाला किल्ली दिली. तीन वर्षं बंद होतं तरी पहिल्या फेऱ्यात चालू झालं. ह्यांनी तेल घातलेलं होतं.

हा पॅडमधला शेवटचा कागद. पन्नास नंबर. दुकानाचं संपलं, यापुढचं घरचं.

तुझी मावशी,
मिनिटकाटा